लिहिणाऱ्यांची पाठ : कातिबाच्या गुडघ्यापासून संगणकाच्या टेबलापर्यंत

दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातली गोष्ट. वार्षिक परीक्षेची तयारी चालू होती आणि विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याचे कामही माझ्याच गळ्यात होते. शाळा सुटल्यावर स्टाफरूममधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचो, लॅपटॉप टेबलावर ठेवायचो आणि मगरिबच्या अजानपर्यंत आकडे भरत राहायचो. तिसऱ्या आठवड्यात मान उजवीकडे वळेनाशी झाली. मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. खडू धरवेना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारले, "सर, तुम्ही काम काय करता?"

"शिक्षक आहे. उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो."

"म्हणजे उभे राहून काम. मग बसता किती वेळ?"

मी मनात हिशेब केला. वह्या तपासणे, टाचणे, हजेरी, ऑनलाइन माहिती, रात्रीचे माझे लेखन. सात तास भरले. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही तिथे कसे बसता ते इथे बसून दाखवा." मी बसून दाखवले. मान पुढे, खांदे वर, पाठीचा धनुष्य, पाय खुर्चीखाली आत ओढलेले. वीस वर्षे मुलांना "सरळ बस" म्हणून ओरडणारा मास्तर स्वतः असा बसला होता.

घरी परतताना मला माझे मोठे मामू आठवले. आणि त्यांच्यासोबत एक प्रश्न मनात आला, ज्याने मला पुढचे काही महिने वाचायला लावले. लिहिणाऱ्या माणसाच्या शरीराची कुणी कधी नोंद केली आहे का?

मामूंचा खांदा

मामू मुंबईत एका उर्दू वर्तमानपत्रात कातिब होते. कातिब म्हणजे हाताने मजकूर लिहिणारा. नव्या पिढीला हे सांगावे लागते, कारण उर्दू वर्तमानपत्र पूर्वी अक्षरशः हाताने लिहिले जात असे. बातमी, अग्रलेख, जाहिरात, मृत्यूची खबर, सगळे. लहानपणी मी दोनदा त्यांच्या कार्यालयात गेलो होतो. एका लांबट खोलीत सतरंजीवर सहा-सात माणसे भिंतीला लागून बसलेली. प्रत्येकाचा डावा पाय दुमडलेला, उजवा गुडघा उभा, त्या गुडघ्यावर पाटी आणि पाटीवर कागद. कागदाखाली मऊ गादीसारखे काहीतरी असायचे, त्याला ते 'ज़ेर-ए-मश्क' म्हणत. मान कागदावर झुकलेली. खोलीत फक्त कलमाचा कुरकुर आवाज.

मामूंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वेगळा दिसायचा. शेरवानी शिवताना दर्जी नेहमी त्यावरून काहीतरी बोलायचा. म्हातारपणी त्यांना हात डोक्यावर नेता येत नव्हता. टोपी डाव्या हाताने घालायचे. आम्ही समजायचो, वयाचे दुखणे. ते मात्र एकदा हसत म्हणाले होते, "बेटा, लोग समझते हैं लिखनेवाले की आँख जाती है. पहले कंधा जाता है." ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत बाजूला कापलेले बोरू निघाले, शाईची दौत निघाली, पण त्या खांद्याबद्दल कुठे एक ओळ नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द लिहिणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल काही लिहून ठेवले नव्हते.

शब्द दरबारातून आले, बैठक जमिनीवरच राहिली

आपल्या मराठीत लिहिण्याच्या कामाचे किती शब्द फारसी-अरबीतून आले आहेत ते बघा. कागद, कलम, दौत, शाई, कारकून, मुनीम. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यातून चिटणीस (चिठ्ठी लिहिणारा), वाकनीस (घडामोडी लिहिणारा), फडणीस (फर्द म्हणजे हिशेबाची यादी लिहिणारा) आणि पारसनीस (फारसी लिहिणारा) ही पदे झाली. ही आडनावे आज ज्या घरांत आहेत, त्यांचे पूर्वज आणि माझे मामू एकाच धंद्यातले म्हणायचे.

'खुर्ची' हा शब्दसुद्धा अरबी 'कुर्सी'वरून आला. पण गंमत अशी की शब्द आला तरी लिहिणारा खुर्चीवर बसला नाही. खुर्ची मानाची, हुकूम देणाऱ्याची. लिहिणारा खाली बैठकीवर. मोगल काळातले एक चित्र प्रसिद्ध आहे. १६०२ मध्ये अलाहाबादेत तयार झालेल्या एका हस्तलिखिताच्या शेवटी मीर अब्दुल्ला कातिब यांचे चित्र आहे. ते जमिनीवर बसून लिहीत आहेत आणि समोर एक तरुण कागद घोटून गुळगुळीत करतो आहे. हे पान आज अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. कातिबाचे चित्र मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट. त्याच्या पाठीचे काय झाले, हे चित्र सांगत नाही.

पेढीवरच्या मुनीमजींनी मात्र एक शहाणपण केले होते. त्यांच्या पुढ्यात उतरत्या झाकणाचे छोटे डेस्क असायचे. पुठ्ठ्याची वही त्यावर तिरकी राहायची आणि मान थोडी कमी वाकायची. मदरशात मुलांपुढे रेहल असते, तिचाही हाच गुण. पुस्तक जमिनीवरून उचलले जाते आणि तिरके होऊन डोळ्यांकडे येते. रेहल अदबीसाठी आहे हे खरेच, पण मानेलाही तिचा उपकार आहे.

साडेचार हजार वर्षांपूर्वीचे गुडघे

लिहिणाऱ्याच्या शरीराची सर्वात जुनी नोंद मला सापडली ती इजिप्तमध्ये. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मांडी घालून बसलेल्या लेखनिकाचा पुतळा आहे. ऑगस्त मारिएत यांना तो १८५० मध्ये सक्कारा येथे मिळाला. पुतळा देखणा आहे, डोळे जिवंत वाटतात. पण पुतळ्याला पाठदुखी नसते. ती हाडांना असते.

२०२४ मध्ये चेक संशोधकांनी कैरोजवळच्या अबूसीर येथील ६९ पुरुषांच्या सांगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काळ साधारण इ.स.पू. २७०० ते २१८०. त्यांतले ३० जण लेखनिक होते. इतरांच्या तुलनेत लेखनिकांच्या हाडांत झीज कुठे जास्त होती? मानेच्या मणक्यांत, उजव्या खांद्यात, उजव्या अंगठ्याच्या तळाशी, उजव्या गुडघ्यात आणि जबड्याच्या सांध्यात. जबडा कशामुळे, तर लव्हाळ्याच्या काडीचे टोक चावून ते कुंचला बनवत. आणि गुडघ्यावरून व घोट्यावरून संशोधकांनी अंदाज केला की हे लोक बरेचदा उजवा गुडघा उभा करून बसत असावेत.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक-मोबाइल सगळे बाजूला ठेवले. उजवा गुडघा, उजवा खांदा, मान. माझ्या मामूंची तक्रार जशीच्या तशी. फिरऔनच्या दरबारातला लेखनिक आणि मुंबईच्या गल्लीतला कातिब यांच्यामध्ये चार हजार वर्षांहून जास्त काळ गेला, पण हाडे एकाच जागी झिजली.

विचारायचा राहिलेला प्रश्न

माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो 'काम काय करता?' हा प्रश्न वैद्यकात रुजवण्याचे श्रेय बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याला जाते. त्यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे असतात, त्यांत हा एक प्रश्न वाढवावा असा त्यांचा आग्रह होता. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि कारकुनांवर स्वतंत्र प्रकरण घातले. लिहिणाऱ्यांच्या दुखण्याची कारणे त्यांनी तीन दिली : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण.

तिसरे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. डाग पडला तर पान गेले, आकडा चुकला तर धनी रागावला. ही भीतीही खांद्यात जाऊन बसते, हे त्या माणसाने तीनशे वर्षांपूर्वी ओळखले. मार्चमध्ये माहिती भरताना 'मुदत आज रात्री बारापर्यंत' असा मेसेज आला की माझे खांदे आपोआप कानांपर्यंत जायचे, ते काही खुर्चीमुळे नव्हते.

रामाझ्झिनींनी एका दस्तलेखकाची हकिगत दिली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. पोट तर भरायचे होते. त्याने डाव्या हाताने लिहायची सवय केली. काही काळाने डाव्या हातालाही तेच दुखणे जडले.

मराठीचे खिळे, उर्दूचा कातिब

इथे आपल्या दोन भाषांच्या इतिहासात एक फरक पडतो. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे त्यांनी देवनागरी खिळेही पाडले. मराठी छपाई हळूहळू खिळ्यांवर गेली आणि छापखान्यातला मराठी माणूस बैठकीवरून उठून खिळ्यांच्या केसपुढे उभा राहिला. त्याचे पाय सुजले असतील, शिशाचा त्रास झाला असेल, तो वेगळा विषय.

उर्दूचे तसे झाले नाही. नस्तालिक लिपीत अक्षरे तिरकी उतरतात, एकमेकांच्या खांद्यावर बसतात, आणि शेजार बदलला की रूप बदलतात. ती खिळ्यांत बसवणे फार अवघड. म्हणून उर्दूने शिळाछापाशी दोस्ती केली. कातिब मसाला लावलेल्या कागदावर चिकट शाईने लिहायचा, ते अक्षर दगडावर उतरायचे, दगडावरून छापले जायचे. पुढे दगड गेला, ऑफसेट आले, पण कातिब तिथेच बसलेला राहिला. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या प्रयत्नातून 'नूरी नस्तालिक' संगणकावर आले आणि लाहोरच्या 'जंग'ने ते वापरले. १९९४ मध्ये भारतात 'इनपेज' आले. त्यानंतर काही वर्षांतच कातिबांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. १९२७ मध्ये सुरू झालेले चेन्नईचे 'द मुसलमान' हे दैनिक त्यानंतरही हातानेच लिहिले जात राहिले, म्हणून त्याचे एवढे कौतुक झाले.

म्हणजे मराठी छापखान्याने उठवलेला माणूस उर्दूमध्ये आणखी शंभरहून जास्त वर्षे एक गुडघा उभा करून बसून राहिला. आपण नस्तालिकच्या सौंदर्याबद्दल भरभरून बोलतो. मीही वर्गात बोलतो. ते सौंदर्य ज्याच्या मणक्यांवर उभे होते, त्याच्याबद्दल आपण काही बोललो नाही. संगणक आल्यावर मामूंची नोकरी गेली. त्यांच्या जागी बसलेला मुलगा खुर्चीवर बसत होता. मामूंना त्याचा हेवा वाटायचा. आज त्या मुलाचीही मान दुखत असेल.

बेंच कुणाच्या मापाचा?

आता माझ्या वर्गाकडे येतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात सर्व मुलांना शाळेत बसवायला सुरुवात झाली, तेव्हा बेंचचा प्रश्न निघाला. ब्रेस्लाऊ शहरातले (आज पोलंडमधले व्रोत्स्वाफ) डोळ्यांचे डॉक्टर हर्मान कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जसजशी वरची इयत्ता, तसतशी लांबचे न दिसणारी मुले जास्त. त्यांनी दोष दिला तो अपुऱ्या उजेडाला आणि चुकीच्या मापाच्या बेंचला. आज डोळ्यांचे तज्ज्ञ बेंचपेक्षा जवळून वाचणे आणि उघड्यावर कमी खेळणे यांवर जास्त भर देतात. पण कोन यांनी एक मोठे काम केले. दोष मुलाकडून काढून लाकडाकडे वळवला. पुढे वेगवेगळ्या उंचीच्या मुलांसाठी वेगवेगळ्या मापाचे बेंच असावेत, ही मागणी जोर धरू लागली. शंभर वर्षांनी डेन्मार्कचे सर्जन मांडल यांनी पाहिले की मुले खुर्ची पुढच्या दोन पायांवर झुकवून बसतात. शिक्षक त्याला मस्ती म्हणतात. मांडल म्हणाले, मूल आपली पाठ वाचवते आहे. टेबल उंच आणि थोडे तिरके करा. म्हणजे आमच्या मुनीमजींचे डेस्कच की!

माझ्या वर्गातल्या बेंचना एकच माप आहे. ते आले तेव्हा तो वर्ग चौथीचा होता. आता तिथे आठवी बसते. दोन लिप्यांचीही एक गंमत आहे. उर्दूच्या तासाला मुलांचा हात उजवीकडून डावीकडे येतो, मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडे जातो. तीन जणी एका बेंचवर असल्या की वही फिरवायला जागा नसते. मग वहीऐवजी अंग फिरते.

काही वर्षांपूर्वी आठवीत एक उंच मुलगी होती. सतत वाकून, जवळजवळ बेंचवर आडवी होऊन लिहायची. मी तिला किती वेळा "सरळ बस, कुबड येईल" म्हणालो असेन. एकदा सगळ्या वर्गासमोर उभे केले. तिने काही उत्तर दिले नाही. डॉक्टरांकडून आल्यानंतर एका संध्याकाळी मी रिकाम्या वर्गात तिच्या बेंचवर बसून पाहिले. गुडघे फळीला अडकत होते. सरळ बसले तर वही हातभर खाली जात होती. त्या बेंचवर सरळ बसता येतच नव्हते. ती मुलगी आता कुठल्याशा कॉलेजात आहे. भेटली तर माफी मागणार आहे.

'सरळ' म्हणजे तरी काय?

कामाला माणसाच्या मापाचे करण्याच्या शास्त्राला 'अर्गोनॉमिक्स' म्हणतात. पोलंडचे वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ मध्ये हा शब्द ग्रीकमधून घडवला : एर्गोन म्हणजे काम, नोमोस म्हणजे नियम. पुढे तो विसरला गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नव्याने रूढ झाला.

या शास्त्राने आपल्याच समजुतीही दुरुस्त केल्या. स्वीडनचे डॉक्टर नाखेमसन यांनी १९६० च्या दशकापासून कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त असतो असे सांगितले. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म येथे पुन्हा मोजमाप झाले, एकाच स्वयंसेवकावर, पण दिवसभर. त्यात सैल बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा थोडा कमीच दाब दिसला. ताठ बसल्यावर तो वाढला, पुढे वाकून बसल्यावर तर बराच वाढला. म्हणजे लाकडासारखे ताठ बसणे हा काही इलाज नाही. खरी अडचण पुढे वाकून आणि तासन् तास एकाच ठशात बसण्याची आहे.

बसून राहण्याची किंमत फक्त पाठ देते असेही नाही. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. बस तीच, रस्ता तोच.

हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "नमाज पढा, तीच उत्तम कसरत." मला हे पटत नाही. नमाज इबादत आहे, तिला व्यायामशाळेचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र एक गोष्ट डोळ्यांना दिसते. माझ्या लहानपणी आमच्या मशिदीत खुर्ची नव्हती. आता मागच्या सफीत खुर्च्यांची रांग असते आणि त्यांवर माझ्या वयाचेही लोक दिसतात. जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय आपण दिवसभरात कुठेच ठेवली नाही, तर ती पाच वेळा अचानक कुठून येणार?

मी काय बदलले ते सांगतो, फार काही नाही. लॅपटॉपखाली जुन्या पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा ठेवला, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. कीबोर्ड वेगळा घेतला, कोपर अंगाजवळ राहू लागले. पायांखाली एक पाट. दर अर्ध्या तासाने उठतो, मटक्यापर्यंत जाऊन पाणी पितो. मुंग्या थांबल्या आहेत. मान थंडीत अजून बोलते.

वर्गात दोन तासांच्या मध्ये सगळ्यांना उभे करतो. उंच मुलींना भिंतीकडचे दोन मोठे बेंच दिले, ते ऑफिसच्या मागे धूळ खात पडले होते. बाकीच्यांना पुठ्ठ्याचे तिरके पॅड करायला शिकवले. वेगवेगळ्या मापाच्या बेंचसाठी अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही. दुसरा अर्ज लिहून ठेवला आहे.

आणि "सरळ बस" म्हणणे सोडले. आता विचारतो, "बेटा, कुठे दुखतं?" पहिल्या दिवशी वर्गात कुणीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अकरा हात वर आले.